दुपारी दीड वाजता उघडणारे मेल

माझा पहिला ईमेल आयडी देवळीच्या बसस्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरवाल्याने काढून दिला. मी नुकतीच दहावी पास झाले होते आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्ममध्ये तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. त्याने मला काही न विचारता माझ्या नावाची दोन अक्षरं घेतली, वडिलांच्या नावाचं एक घेतलं, पुढे काही आकडे टाकले, पासवर्ड स्वतःच्या लांब वहीत लिहिला आणि म्हणाला, "झालं. जा." त्या आयडीवर काही येतं आणि ते उघडून वाचायचं असतं, हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. आमच्याकडे ईमेल हा रकाना भरायला असतो. ज्या ज्या घरात एखादा सरकारी फॉर्म भरला गेला, त्या घराचा एक आयडी कुठल्यातरी सेंटरवाल्याच्या वहीत असतो. तो वाचून माणूस ओळखता येत नाही. दोन-तीन अक्षरं आणि आकडे, एवढंच.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी जी चूक केली तिची सुरुवात इथेच आहे.

बी.कॉम. झाल्यावर मला पहिलं काम मिळालं ते बोरगाव मेघेतल्या एका शिवणकामाच्या कारखान्यात. कारखाना म्हटलं की मोठं वाटतं. एका घराचा खालचा हॉल, त्यामागे एक खोली आणि गच्चीवर टिनाचं छप्पर टाकलेली एक खोली, एवढाच तो. हॉलमध्ये सहा मशिनी होत्या. तिथे पांढरे एप्रन शिवले जायचे, म्हणजे डॉक्टरकीची मुलं घालतात ते लांब कोट, आणि नर्सिंगच्या मुलींचे ड्रेस. सावंगीला शिकायला दरवर्षी नवी मुलं येत. ती आईवडिलांना घेऊन कारखान्यात आली की ताई गळ्यात टेप टाकून दारातच उभ्या राहायच्या, एकेकाचं माप घ्यायच्या आणि वहीत लिहायच्या. ताई म्हणजे मालकीण. त्या माझ्या आईपेक्षा मोठ्या, पण आई, बाकीच्या बाया आणि मी, सगळ्याच त्यांना ताई म्हणत आलो.

आई तिथे काज-बटणाच्या मशिनीवर होती. मी पाचवीत असताना ती लागली. तेव्हा आम्ही देवळीला राहत होतो आणि ती रोज बसने यायची. मी कॉलेजला गेल्यावर आम्ही बोरगावातच दोन खोल्या घेतल्या. वडिलांचं काम कापसाच्या जिनिंगमध्ये, हंगामापुरतं. आईचं बारमाही. माझ्या परीक्षेच्या दिवसांत ताई आईला न मागता अर्धा दिवस सोडायच्या. माझा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी सगळ्या मशिनी थांबवल्या, भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीखाली मला उभं केलं आणि म्हणाल्या, "पाहा व, आपल्या काजाच्या मशिनीतून ग्रॅज्युएट निघाली."

कटिंग करणाऱ्या मावशींनी कात्री खाली न ठेवताच विचारलं, "मंग आता काजं कोन करन? ग्रॅज्युएट का?"

सगळ्या हसल्या. आईही हसली, पण पदर डोळ्याला लावून.

मी नोकरीला लागले तेव्हा काम कमी होऊ लागलं होतं. नवी मुलं घरून निघतानाच मोबाईलवर एप्रन मागवत. त्यावर स्वतःचं नाव शिवून मिळायचं, आणि तो वसतिगृहाच्या दारात यायचा. ताई दारात टेप घेऊन उभ्या राहत आणि मुलं तयार कोट घालून समोरून जात. सहापैकी दोन मशिनींवर कव्हर आलं. त्यातच एक मेसवाला हॉल मागू लागला. त्याला तिथे विद्यार्थ्यांची खानावळ काढायची होती. ताईंनी त्याला थोडं थांबायला सांगितलं आणि मला गच्चीवरच्या खोलीत नेलं. तिथे त्यांच्या मुलाचा जुना कॉम्प्युटर होता.

"तू शिकली आहेस," त्या म्हणाल्या. "लोक म्हनतात ईमेलवर ऑर्डर येते. तू आन. या वर्षीचे प्रवेश संपेपर्यंत काम आलं तं ठीक, नाई तं मी हॉल देऊन टाकतो. पाच बाया आहेत पोरी. त्यात तुह्यी आई आहे."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? पाच बायांचं काम माझ्या 'हो'वर आलं आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. पण शिकलेल्या माणसाला येत नाही असं काही नसतं, अशी खाली हॉलमध्ये सगळ्यांची समजूत होती, आणि थोडी माझीही.

मी फोनवर ईमेल मार्केटिंगचा एक फुकटचा कोर्स लावला. वहीत लिहून घेतलं. मेलच्या विषयाची ओळ छोटी ठेवा. एकाच वेळी दोन ओळी करून पाहा, अर्ध्या लोकांना एक पाठवा, अर्ध्यांना दुसरी, आणि जी जास्त उघडली जाईल ती ठेवा. मेल कोणत्या वाराला, किती वाजता पाठवायचा ते तपासा. बंद पडलेले पत्ते काढून यादी स्वच्छ ठेवा. मेलमध्ये एकच बटण ठेवा. मी शाळेत प्रश्नोत्तरं पाठ करायचे तसं हे सगळं पाठ केलं.

यादी कुठून आणायची हा प्रश्न नव्हता. ताईंच्या मापाच्या वह्या होत्या. खांदा, छाती, बाही, उंची, फोन नंबर, आणि शेवटच्या रकान्यात ईमेल. कुणीतरी कधीतरी त्यांना तो रकाना ठेवायला सांगितला होता आणि त्यांनी तो प्रत्येकाकडून भरून घेतला होता, कधीही वापरला नव्हता. मी महिनाभर बसून ते पत्ते टाइप केले. त्यातले अर्धे देवळीच्या सेंटरवाल्याच्याच पद्धतीचे होते. हिंगणघाट, आर्वी, यवतमाळकडून नर्सिंगला आलेल्या मुलींचे. दोन अक्षरं आणि आकडे. ते पाहून मला उलट आपलेपणा वाटला.

पहिला मेल इंग्रजीत होता. निम्मे पत्ते बंद निघाले, मेल परत आले. उरलेल्यांत शंभरातल्या तिघा-चौघांनी उघडला. बटण कुणीच दाबलं नाही. ताईंना सांगायला खाली गेले तर त्या मशिनीत तेल घालत होत्या. म्हणाल्या, "पहिली बाही कोनाचीच सरळ येत नाई."

मग मी एक पान बनवलं. त्यावर आपला ईमेल लिहिला की तो पत्ता यादीत जायचा. त्याची लिंक मी ताईंना दिली आणि म्हटलं, ओळखीच्यांना पाठवा, सावंगीच्या मुलांपर्यंत गेली पाहिजे. ताईंनी ती त्यांच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी खाली जेवायला बसले होते. कटिंगच्या मावशींनी विचारलं, "दिवसभर वरतं काय करत राह्यते व तू?"

"मेल पाठवते मावशी."

"थे तं माहीत आहे. पाठवल्यावर काय होते?"

मी फोनवर आलेख दाखवला. एक निळी रेष होती, जमिनीला चिकटल्यासारखी. मी म्हटलं, "ही रेष म्हणजे किती लोकांनी मेल उघडला. ही वर गेली की काम येईल."

"मंग एकाच माणसानं दहादा उघडला तं?"

"नाही, एक माणूस एकदाच मोजला जातो. वेगवेगळे लोक पाहिजेत. आणि खालचं निळं बटण दाबलं तर आणखी चांगलं."

"आयका व," मावशींनी हॉलभर सांगितलं, "वेगवेगळी माणसं पाहिजे म्हनते."

मला वाटलं, त्यांना कळलं याचा मला आनंद झाला पाहिजे. तसा झालाही.

पुढच्या मंगळवारी मी दोन ओळी करून पाहिल्या. एक इंग्रजीत, नव्या वर्षासाठी पांढरे कोट अशी. दुसरी मराठीत: 'तुमचं माप आमच्या वहीत आहे.' मराठी ओळ कितीतरी पुढे गेली. मी ती वहीत लाल पेनाने लिहून ठेवली. मग वेळ तपासली. कोर्समध्ये सांगितलं होतं की नोकरीवाले लोक सकाळी दहाला मेल पाहतात. आमच्या यादीत सकाळी काहीच हलत नव्हतं. दुपारी दीड वाजता रेष उभी चढायची आणि दोनला शांत व्हायची. मी लिहिलं, 'हॉस्पिटलमधले लोक जेवणाच्या सुट्टीत मेल पाहतात. दीडला पाठवणे.' हे कुठल्या कोर्समध्ये नव्हतं. हे मी शोधलं होतं. गुरुवारी दुपारी आमच्या भागातली विजेची लाइन जायची आणि कारखाना लवकर सुटायचा. गुरुवारी मेल पाठवला की तो पडून राहायचा. त्याचंही कारण मी शोधलं. लिहिलं, 'गुरुवारी ओपीडीला गर्दी असावी.'

तीन आठवड्यांत रेष इतकी वर गेली की माझाच विश्वास बसेना. यादीत नवे पत्ते येत होते, रोज चार-सहा. निळं बटणही लोक दाबत होते. फक्त बटण दाबल्यावर जे पान उघडतं, तिथे कुणी ऑर्डर देत नव्हतं. मला वाटलं पानातच दोष आहे. मी ते पान तीनदा बदललं. फोटो मोठा केला, मजकूर कमी केला, मराठी केलं.

त्या दिवसांत मेसवाला पुन्हा आला. स्कूटर बंद न करता त्याने दारातूनच विचारलं. ताई आत वळून मला म्हणाल्या, "पोरी, तुह्यी रेघ कुठवर आली?"

मी फोन दाखवला. ताईंनी तो त्याच्यापुढे धरला, जसा काही तो गहाणखत सुटल्याचा कागद होता. "पाहा भाऊ. आमचं चढून राह्यलं. आता नाई देत हॉल."

तो म्हणाला, "मले त्यातलं काई समजत नाई ताई. मी दुसरीकडं पाहतो मंग." आणि गेला.

त्या दिवशी ताईंनी दोन मशिनींवरची कव्हरं काढून धुवायला टाकली.

खरं काय ते मला पाण्यामुळे कळलं. मी एरवी वरच जेवायचे, कारण दीड वाजता रेष पाहायची असायची. त्या मंगळवारी वरची बाटली रिकामी होती. दीडला मेल सोडून मी लगेच खाली आले. हॉलमध्ये कटिंगच्या टेबलावर सगळ्यांचे डबे उघडे होते आणि कुणी जेवत नव्हतं. सगळ्यांच्या हातात फोन होते. कटिंगच्या मावशी फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "हो, आला आला. उघड. खालतं निळं बटन आहे, थे पन दाब. तुह्या सासूच्या फोनातही पाहाय. नाई व, घ्याचं काई नाई, फक्त दाबाचं अन मागं याचं."

आई टेबलाच्या टोकाला बसली होती. तिने चष्मा लावला होता. तिने एका बोटाने बटण दाबलं, पान पूर्ण उघडेपर्यंत थांबली, काज तपासताना पाहते तसं ते एकदा नीट पाहिलं आणि मागे आली. मग तिने डब्याचं झाकण काढलं.

मी विचारलं, "हे काय करून राहिल्या मावशी?"

"तुह्यी रेघ चढवून राह्यलो, दुसरं काय." मावशींनी फोन ठेवला. "गटाच्या मीटिंगले साहेब येतात तवा आपण जावा-नणंदा आणून बसवतो का नाई? माणसं दिसली तं गट चालते. तसंच आहे हे. माह्या माहेरचे आठ जण लावले मी."

"आठ कुठले," खिसे शिवणारी वहिनी म्हणाली, "त्यात एक तं बारा वर्षाचा भाचा आहे."

"त्याचा आयडी आहे ना? मंग."

बचत गटाचं ते मलाही माहीत होतं. बँकेचे साहेब पाहणीला येणार असले की सभागृह भरलेलं दिसावं म्हणून मीही लहानपणी आईसोबत शेवटच्या रांगेत बसले आहे. गट बंद पडू नये म्हणून. कुणाला फसवतो आहोत असं त्यात कधी वाटलं नाही, आपल्या माणसाच्या पाठीशी उभं राहतो आहोत असंच वाटायचं. माझ्यासाठीही त्या तशाच येऊन बसल्या होत्या. मला राग येईना आणि हसूही येईना. मी म्हटलं, "जेवून घ्या, पोळ्या वाळतील." आणि बाटली तिथेच विसरून वर गेले.

वर जाऊन मी ताईंच्या लिंकवरून आलेले पत्ते वेगळे केले आणि आलेखातून वजा केले. रेष पहिल्या आठवड्यात होती तिथे जाऊन बसली, जमिनीला चिकटून. मराठी ओळ जिंकली होती, कारण खाली मराठी वाचली जात होती. दीड वाजता मेल उघडत होते, कारण खाली दीडला सुट्टी होत होती. गुरुवारची ओपीडी म्हणजे आमचीच गेलेली लाइन होती. तीन आठवडे मी माझ्याच पायाखालच्या हॉलचा अभ्यास करत होते.

ताईंना लगेच सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही. याचं समर्थन मी आजही करू शकत नाही. मला वाटलं, आधी यादी स्वच्छ करू, एक खराखुरा मेल पाठवू, चार खऱ्या ऑर्डरी आणू आणि मग सांगू. म्हणजे सांगताना हातात काहीतरी असेल. रविवारी मी त्या सगळ्यांचे पत्ते यादीतून काढले. कोणता पत्ता कुणाचा ते कळत नव्हतं, म्हणून त्या लिंकवरून आलेले सरसकट काढले. त्यात आईचाही होता. मोबाईलच्या दुकानात नव्या फोनसोबत काढून दिलेला. तो कोणता हे मला ओळखूही आलं नाही.

मंगळवारी सकाळी दहाला मेल पाठवला. आजवर लिहिलेल्यांत तो सर्वांत चांगला होता, असं मला आजही वाटतं. अकरा जणांनी उघडला. दोघांनी कळवलं की आम्हाला मेल पाठवू नका. एका मुलीचं उत्तर आलं. ती सावंगीला शिकून गेली होती आणि आता दूर कुठल्या तरी राज्यात नर्स होती. तिने लिहिलं होतं, 'माझं माप अजून तुमच्या वहीत आहे हे वाचून बरं वाटलं. पण ते आता मला होणार नाही, दोन मुलं झाली. नवीन माप पाठवते, एक एप्रन शिवून द्याल का?'

ते वाचताना मला पहिल्यांदा धडपणे कळलं की मी काय करत होते. त्या वह्यांत सगळी गेलेली मुलं होती. ज्यांना कोट लागत होता ती नवी मुलं त्या वह्यांत कधी आलीच नव्हती, कारण ती आमच्या दारात थांबलीच नव्हती. विषयाची ओळ, वार, वेळ यातलं काहीही बदलून ते बदलणार नव्हतं.

संध्याकाळी घरी आई मेथी निवडत होती. मी समोर बसून देठं मोडू लागले. तिने दुसरी जुडी सोडली. मग म्हणाली, "आज मले नाई आला."

"काय?"

"मेल. दीडले पाह्यलं, दोनलेही पाह्यलं. कोनालेच नाई आला." तिने एक पान निरखून बाजूला टाकलं. "कटिंगवाली म्हने, ताईनं यादी केली असन. कोनाले ठेवाचं, कोनाले नाई. ज्याले ठेवाचं त्याले येईन म्हने."

"असं काही नाही आई."

"मंग काऊन नाई आला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, जितकं सोपं करता येईल तितकं. ती हात न थांबवता ऐकत होती.

"म्हंजे आमचं उघडनं मोजतच नाई का?"

"मोजते ना. म्हणूनच काढावं लागलं."

"माणसं तं खरीच होती व," ती म्हणाली. "खोटी थोडी होती."

कोर्समध्ये याला शब्द होता, पण तो आईला सांगण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ताईंना हॉलमध्येच थांबायला सांगितलं आणि सगळ्यांसमोर बोलले. रेष कशी चढली, ताईंनी मेसवाल्याला कशाच्या भरवशावर परत पाठवलं, मला कधी कळलं आणि मी किती दिवस गप्प बसले.

आधी मावशीच बोलल्या. "म्हंजे आमी तुह्यं नुकसान केलं."

"नाही मावशी."

"केलंच ना. सरळ सांग. आमी कमी शिकलो, बहिऱ्या नाई आहो."

"नुकसान माझ्यामुळे झालं. रेष वर गेली की काम येईल, असं मीच सांगितलं होतं."

ताई मशिनीच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला जरा बरं वाटलं असतं. त्यांनी गळ्यातली टेप काढली, बोटाभोवती गुंडाळली आणि विचारलं, "मेसवाल्याचा नंबर कोनापाशी आहे?"

नंबर सगळ्यांपाशी होता. शेवटी वहिनीने फोन पुढे केला.

त्याला अजून जागा मिळाली नव्हती. तो दुसऱ्याच दिवशी येऊन हॉल मोजून गेला, ताईंचीच टेप मागून घेऊन. मागच्या खोलीत तीन मशिनी मावणार होत्या. म्हणजे कटिंग आणि एक मशीन ताई स्वतः पाहणार आणि दोन बाया राहणार. कोणत्या दोन, हे ताईंना सांगवेना. त्या दोन दिवस तो विषय काढायच्या आणि सोडून द्यायच्या.

मधल्या काळात त्या नर्सचा एप्रन शिवायला आला. एकच. मावशींनी कापला, बाही एकीने लावली, कॉलर दुसरीने, खिसे वहिनीने. एका माणसाचं दोन तासांचं काम, पण कुणीच दुसरीला ते पूर्ण करू देईना. शेवटी तो आईच्या मशिनीवर आला. तिने सहा काजं केली आणि प्रत्येकातून बटण काढून घालून पाहिलं. मग तो घडी करून ताईंच्या हातात दिला आणि बाही-कॉलर लावणाऱ्या दोघींकडे पाहून उभ्यानेच म्हणाली, "ताई, माह्यं नाव धरू नका. या दोघींच्या घरी पोरं शिकून राह्यली. माही पोरगी शिकली. मी घरी बसली तरी चालते."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराजवळ उभी होते, पार्सलचा कागद हातात घेऊन. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. नको आई, असं तरी. पण ती जे म्हणत होती ते अभिमानाने म्हणत होती, आणि ते मोडून काढायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. माझी पदवी तिने त्या मशिनीवर बसून मिळवून दिली होती. त्याच पदवीच्या नावाने ती आता मशिनीवरून उठत होती.

हॉलमध्ये आता मेस आहे. दुपारी तिथे मुलांची गर्दी असते. त्यांच्यातल्या कित्येकांच्या खांद्यावर पांढरे कोट असतात, बाहेरून मागवलेले, नाव शिवलेले. मागच्या खोलीत ताई आणि दोघी आहेत. दुरुस्तीची कामं येतात, उंची कमी करणं, बटण लावणं. मी सकाळी वर्ध्यात एका दुकानाचं ऑनलाइन काम पाहते आणि मंगळवारी ताईंसाठी एक मेल पाठवते. यादी लहान आहे, पण खरी आहे. मेसमध्ये जेवायला येणाऱ्या मुलांना विचारून विचारून मी ती केली. कधी महिन्यात दोन ऑर्डरी येतात, कधी एकही नाही.

घरी बसल्यावर महिन्याभराने आई म्हणाली, "माह्या फोनवर थे पुन्हा चालू करून दे."

मी म्हटलं, "कशाला? तुला कुठे एप्रन घ्यायचा आहे?"

"पाहतो फक्त. ताईचं काय चाललं ते तं समजन."

एकदा काढलेला पत्ता मला स्वतःहून परत टाकता येत नाही. त्या माणसाला स्वतः मागावं लागतं. मी तिला ते पान उघडून दिलं. तिने आपला आयडी एकेक अक्षर पाहत भरला. तेव्हा तिचा कोणता ते मला पहिल्यांदा कळलं. 'तुम्हाला आमचे मेल हवे आहेत का?' असं विचारणारा मेल आला आणि तिने 'हो' दाबलं. मी म्हटलं, "पण आई, निळं बटण दाबू नको हं." ती म्हणाली, "नाई दाबत."

ती बटण दाबत नाही. मेल मात्र उघडते. मी तो आता सकाळी दहाला पाठवते, तरी ती दीडपर्यंत थांबते. घरी तिला कसली सुट्टी नसते, पण हात पुसून चष्मा लावायची तिची वेळ तीच राहिली आहे. संध्याकाळी ताईंचा फोन येतो. "किती जनांनी उघडला व?"

मी आकडा पाहते, त्यातून एक वजा करते आणि सांगते.